बारा गाणी, एक रचना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते मास्तर आयुष्यभर ऑर्गनवर साथ करत आले. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि साथीदाराचं कोपऱ्यात, ही रीत त्यांना कधीच पटली नाही. गाणं उभं कोण करतं, हा त्यांचा आवडता प्रश्न होता. त्याच प्रश्नाला धरून आज मी एका ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलणार आहे. ही ध्वनिमुद्रिका इथली नाही, भाषाही आपली नाही. पण तो प्रश्न तिच्यात मला जितका उघडपणे दिसला तितका फार थोड्या ठिकाणी दिसला.

ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘द सिंगल्स: १९६९–१९७३’. कलाकार आहेत ‘कार्पेंटर्स’, म्हणजे रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर हे सख्खे भाऊ-बहीण. रिचर्डचा जन्म १९४६ चा, कॅरनचा १९५० चा, दोघांचाही अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावी. १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात डाउनी इथे राहायला आलं आणि पुढचं सगळं तिथून घडलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये ए अँड एम कंपनीने हा संग्रह काढला. त्यातली बाराही गाणी लोकांनी आधी ऐकलेली होती, अनेकांच्या घरी त्यांच्या तबकड्याही होत्या. तरीही जानेवारी १९७४ मध्ये तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षी एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

असे संग्रह कसे निघतात हे आपल्याला माहीत आहे. कंपनी गाजलेली गाणी गोळा करते, वर नवं मुखपृष्ठ लावते आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुमारास बाजारात आणते. कलावंताला कधी विचारतात, कधी विचारतही नाहीत. रिचर्डने या संग्रहाचं काम दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. जुन्या टेप बाहेर काढून त्याने बरीचशी गाणी पुन्हा मिक्स केली. ‘टिकेट टू राइड’ हे बीटल्सचं गाणं त्यांच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत होतं. तेव्हा कॅरन १९ वर्षांची होती आणि आवाज अजून पुरता पिकला नव्हता, म्हणून ते तिने नव्याने गायलं. ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’मधलं आपलं जुनं गाणं कॅरनला समाधानाचं वाटत नव्हतं, तेही पुन्हा झालं. आणि काही गाण्यांच्या मधली शांतता रिचर्डने काढून टाकली. एक गाणं संपतं तिथे वाद्यांचा छोटा पूल बांधून तो दुसऱ्यात उतरतो.

संग्रहाची सुरुवातच पाहा. पहिलं गाणं ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’. पण ते सुरू होण्याआधी ‘क्लोज टू यू’ची ओळखीची सुरावट क्षणभर डोकावते आणि विरून जाते. ते गाणं पूर्ण ऐकायला मिळतं दुसऱ्या बाजूच्या शेवटी, बारावं म्हणून. ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच एक खूण दाखवायची आणि शेवटपर्यंत ती राखून ठेवायची. मैफलीत कोणता राग आधी आणि कोणता नंतर, याचा विचार जाणता गवई घरूनच करून येतो. रिचर्डनेही तसाच विचार केलेला दिसतो, आणि म्हणून मी या संग्रहाला रचना म्हणतो.

या कामाला आपल्याकडे शब्द आहे, अरेंजर. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तो इतका रुळला की आता मराठीच झाला आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याहून आलेले लोक, आपले अनिल मोहिले, यांनी काय केलं? संगीतकाराने दिलेल्या चालीला अंगण दिलं. व्हायोलिन कुठे शिरणार, कुठे थांबणार, गायिकेचा श्वास संपतो तिथे बासरी येणार की पोकळी राहणार, हे त्यांनी कागदावर उतरवलं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं बऱ्याचदा लागलीच नाहीत. रिचर्ड कार्पेंटर हा मुळात अरेंजर. पियानो तो उत्तम वाजवतो, थोडं गातो, जॉन बेटिस या गीतकार मित्राबरोबर त्याने स्वतः चालीही बांधल्या. पण त्याची खरी करामत दुसऱ्याच्या गाण्यात काय दडलंय हे ओळखण्यात आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पुन्हा ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’चंच. हे गाणं मुळात एका बँकेची जाहिरात होती. कॅलिफोर्नियातल्या क्रॉकर बँकेला तरुण खातेदार हवे होते, म्हणून नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं दाखवायचं आणि पाठीमागे एक हळुवार चाल, असा बेत होता. शब्द पॉल विल्यम्सचे, चाल रॉजर निकल्सची. रिचर्डने ती टीव्हीवर ऐकली आणि गाणाऱ्याचा आवाज ओळखला. विल्यम्स त्याच्याच कंपनीचा गीतकार होता. ए अँड एमचं आवार म्हणजे हॉलिवूडमधला चार्ली चॅप्लिनचा जुना स्टुडिओ. तिथे गाठून रिचर्डने त्याला विचारलं, हे पूर्ण गाणं आहे का? १९७० मध्ये कार्पेंटर्सचं ते गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अमेरिकेत पुढे कितीतरी लग्नांत वाजलं. खातं उघडा म्हणून सांगणाऱ्या चालीत सबंध संसाराची सुरुवात ऐकू येणं, हा कान साधा नव्हे.

‘क्लोज टू यू’ची गोष्टही अशीच. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचं ते गाणं त्याआधी १९६३ मध्ये रिचर्ड चेंबरलेन या नटाने गायलं होतं, डिऑन वॉरविकनेही गायलं होतं. त्याचं फारसं काही झालं नव्हतं. ए अँड एमच्या हर्ब अल्पर्टने ते रिचर्डच्या हाती दिलं आणि सांगितलं, तुझ्या पद्धतीने कर, फक्त पियानोवरचे पाच-पाच स्वरांचे दोन झुपके तेवढे ठेव. रिचर्डने लय उतरवली, ठेक्याला हलका झुलता डौल दिला, मध्येच गाण्याची पट्टी अर्धा स्वर वर चढवली आणि शेवट बांधला तो नुसत्या आवाजांचा. शब्द संपल्यावर आवाजांची एक दाट लड येते. गायकांचा मोठा ताफा असावा असं वाटतं, पण आहेत दोघेच. चार पदरी स्वरमेळ करायचा, प्रत्येक पदर दोघांनी मिळून गायचा, टेपवर घ्यायचा आणि पुन्हा त्यावरच दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा गायचा. वडिलांच्या संग्रहात लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडप्याच्या तबकड्या होत्या. त्यांची आवाजावर आवाज चढवायची कला रिचर्डने लहानपणी ऐकली होती आणि कॉलेजात फ्रँक पूलर या समूहगायनाच्या शिक्षकाकडे तिला शिस्त लागली. ‘क्लोज टू यू’ चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आता कॅरनकडे येतो. या संग्रहात ती गाते, आणि तिच्या आवाजाचं मोठेपण खाली आहे, खर्जात. लोकप्रिय गाण्यात गायिकेने वर जायचं, टिपेला टाळ्या घ्यायच्या, ही वाट तेव्हाही मळलेली होती आणि आजही आहे. कॅरन वर जाऊ शकत होती, पण रिचर्ड तिच्यासाठी पट्टी अशी निवडे की गाण्याचं मर्म तिच्या मंद्र स्वरांवर यावं. ‘सुपरस्टार’ची पहिली ओळ ऐका. ती मायक्रोफोनच्या इतकी जवळ आहे की श्वास घेतलेला कळतो. स्वर आधी सरळ ठेवते, काहीही न करता, आणि सोडताना अगदी शेवटी त्याला हलकं आंदोलन देते. आवाज मोठा केलेला कुठेही नाही. असं सांगतात की ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे गाणं तिने चाचणी म्हणून, कागदी रुमालावर रिचर्डने खरडलेले शब्द वाचत गायलं, आणि तेच कायम ठेवलं गेलं. लिऑन रसेल आणि बॉनी ब्रॅमलेट यांचं हे गाणं एका गिटारवाल्याची वाट पाहणाऱ्या मुलीचं आहे. तो गावात आला, गेला, आणि आता त्याचा आवाज तेवढा रेडिओवर ऐकू येतो. मूळ गाण्यातल्या एका उघड शब्दाच्या जागी रिचर्डने सौम्य शब्द घातला, त्याबद्दल त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती फारशी पटत नाही. कॅरनच्या आवाजात त्या मुलीची सगळी फसवणूक आहे, आणि शब्द सौम्य झाल्याने ती कमी होत नाही.

शिवाय कॅरन ड्रम वाजवणारी होती. डाउनीच्या शाळेत बँडमध्ये असताना तिने काठ्या हातात घेतल्या, आणि १९६६ मध्ये हॉलिवूड बोलवर रिचर्डच्या तिघांच्या संचाने स्पर्धा जिंकली तेव्हा ती ड्रमवरच होती. स्वतःला ती शेवटपर्यंत गाणारी ड्रमर म्हणवून घेई. लोक मात्र म्हणू लागले की गायिका ड्रमच्या मागे दिसत नाही, तिला पुढे आणा. हळूहळू तिला पुढे उभं केलं गेलं. स्टुडिओतल्या अनेक गाण्यांवरही ड्रम हॅल ब्लेनचे आहेत. माझ्या मते हा तिच्यावरचा अन्याय होता, आणि तो शोभेच्या कारणासाठी झाला. पण तो ठेका तिच्या गळ्यातून गेला नाही. संथ गाण्यात ती शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकते. समेवर धावत येत नाही, टेकत येते. ज्याने हाताने लय धरलेली असते त्यालाच लयीच्या मागे इतक्या निर्धास्तपणे राहता येतं.

प्रेमगीतं म्हणून हा संग्रह विकला गेला, पुढे यातली काही गाणी घेऊन ‘लव्ह साँग्ज’ नावाचा वेगळा संग्रहही निघाला. पण यांत प्रेम घडताना दिसतं किती? पहिल्या गाण्यात ते सुरू होणार आहे. दुसऱ्यात, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’मध्ये, ते आहे आणि सुखाचं आहे. असं गाणं संग्रहात हे एकच. ‘टिकेट टू राइड’मध्ये माणूस निघून चाललाय. ‘सुपरस्टार’मध्ये गेलाच आहे. ‘रेनी डेज अँड मंडेज’मध्ये प्रेम करणारं कोणी आहे, तरी उदासी हटत नाही. ‘गुडबाय टू लव्ह’मध्ये तर प्रेमाचा नादच सोडलेला आहे. दुसऱ्या बाजूला ‘यस्टरडे वन्स मोअर’मध्ये जुनी गाणी ऐकून जुने दिवस आठवतात, ‘हर्टिंग ईच अदर’मध्ये दोघं एकमेकांना दुखावत राहतात. आणि शेवटचं ‘क्लोज टू यू’? त्यातला प्रिय माणूस सगळ्यांनाच हवा आहे. गाणारी त्या सगळ्यांमधली एक.

याचं एक कारण मला त्या जोडीतच दिसतं. प्रेमगीतं गाणाऱ्या बहुतेक जोड्या एकमेकांकडे पाहून गातात. नवरा-बायको असतात, किंवा तसं भासवतात. ऐकणारा त्यांचं प्रेम पाहायला आलेला असतो. इथे पियानोवर भाऊ आहे. कॅरन ज्याला उद्देशून गाते तो माणूस रंगमंचावर कधीच नाही. त्यामुळे ही सगळी गाणी नसलेल्या माणसाला उद्देशून होतात आणि प्रत्येक ऐकणाऱ्याला तिथे आपलं माणूस ठेवता येतं. भावाने बांधलेलं सगळं घर, व्हायोलिनं, ओबो, आवाजांच्या लडी, त्या एका रिकाम्या जागेभोवती आहे.

पहिल्या बाजूच्या शेवटच्या तीन गाण्यांवर थोडं थांबतो, कारण संग्रहाचा गाभा तिथे आहे. ‘सुपरस्टार’, ‘रेनी डेज अँड मंडेज’, ‘गुडबाय टू लव्ह’. ही तीन वेगवेगळ्या काळात केलेली, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली गाणी. रिचर्डने ती न थांबता एकामागून एक जोडली आहेत. तरुण मुलीची वाट पाहणं, मग कारण नसलेली उदासी, मग आशा सोडून देणं, असा एकाच बाईचा प्रवास वाटावा. सुटी ऐकली तर त्यांत हे ऐकू येत नाही. आणि ‘गुडबाय टू लव्ह’ संपताना टोनी पेलूसोची गिटार येते, करकरीत, फाटलेल्या आवाजाची, रॉकमधली. १९७२ मध्ये हे गाणं आलं तेव्हा संतापलेल्या चाहत्यांनी पत्रं लिहिली की असला गोंगाट कार्पेंटर्सना शोभत नाही. हळुवार गाण्यात अशी गिटार घालायची नसते असा समज होता. पुढच्या दोन दशकांत रॉकच्या संचांनी हीच वाट धरली, पण रिचर्डला ती आधी दिसली. कॅरनचा आवाज शेवटपर्यंत संयमाने बोलतो. जे ती ओरडत नाही ते गिटार ओरडते. त्या जागी तीन गाण्यांचं साठलेलं सगळं फुटतं.

त्या काळातल्या समीक्षकांनी यातलं फारसं ऐकलं नाही. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, तरुण रस्त्यावर होते, आणि ही नीटनेटकी भावंडं १९७३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये निक्सनसमोर गात होती. गुळचट, कणाहीन, असे शिक्के बसले. त्या रागाचं कारण मला समजतं, पण तो राग कपड्यांवरचा होता. १९९४ मध्ये नव्या, आडदांड रॉक संचांनी मिळून कार्पेंटर्सची गाणी गायली, सॉनिक यूथ या संचाने ‘सुपरस्टार’ घेतलं, तेव्हा तो अंधार मुळातच गाण्यात होता हे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९७५ मध्ये कॅरनची तब्येत इतकी खालावली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. अन्न नकोसं होण्याचा तो आजार, अॅनोरेक्सिया नर्व्होसा, तेव्हा सामान्य लोकांना माहीतही नव्हता. रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेला, १९७९ मध्ये त्यावर उपचार घेऊन बाहेर आला. कॅरनने त्या काळात फिल रमोन या निर्मात्याबरोबर स्वतःची वेगळी ध्वनिमुद्रिका केली. ती बाजूला ठेवली गेली आणि १९९६ मध्ये निघाली. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅरन गेली, अवघी ३२ वर्षांची. आजाराने हृदय थकलं होतं. तिच्या मृत्यूनंतर अॅनोरेक्सिया या विषयावर घरोघरी बोललं जाऊ लागलं, हे खरं आहे. पण गाणी ऐकताना प्रत्येक स्वरात तिचं मरण शोधत बसणं मला योग्य वाटत नाही. ‘रेनी डेज अँड मंडेज’ गायली तेव्हा ती विशीतली, कामात मग्न, हसरी मुलगी होती. ती उदासी तिच्या कलेची होती, आणि ते श्रेय तिचं तिला मिळायला हवं.

रिचर्ड मात्र संग्रह करतच राहिला. सीडी आल्यावर त्याने जुनी गाणी पुन्हा मिक्स केली, कुठे पियानो नव्याने वाजवला, कुठे टेपमधला खरखरता आवाज साफ केला. चाहत्यांत आजही वाद चालतो की कोणतं रूप खरं. १९९० मध्ये निघालेला एक संग्रह ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. जपानमध्ये १९९५ मध्ये ‘मिसेइनेन’ नावाच्या टीव्ही मालिकेच्या शेवटी ‘आय नीड टू बी इन लव्ह’ वाजू लागलं. १९७६ चं हे गाणं, कॅरनचं स्वतःचं आवडतं, अमेरिकेत बेताचंच चाललं होतं. मालिकेतली पात्रं किशोरवयीन आणि पाहणारेही अनेक गाण्यानंतर जन्मलेले. कार्पेंटर्सच्या गाण्यांचा संग्रह तिथे लाखोंनी खपला. आणि २०१८ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रिचर्डने रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर उभं राहून कॅरनच्या जुन्या आवाजाभोवती नवी व्हायोलिनं बांधली. काही लोकांना हा हट्ट वाटतो. जे झालं ते तसंच ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, ज्याने त्या आवाजासाठी पट्टी निवडली, श्वासाची जागा राखली, त्याला तो अधिकार आहे. १९७३ मध्ये, ती शेजारी असतानाच, त्याने ‘टिकेट टू राइड’ पुन्हा केलं होतं. हे काम तेव्हाच सुरू झालं, तिच्या संमतीने आणि तिच्या गळ्याने.

आता आपण संग्रहाची पहिली बाजू ऐकू. तंत्र सांभाळणाऱ्या मित्रांना एक विनंती आहे, ‘सुपरस्टार’पासून पुढे मध्ये कुठेही थांबवू नका. आणि आपण सगळ्यांनी एक गोष्ट ऐकावी. ‘रेनी डेज’ संपून ‘गुडबाय टू लव्ह’ सुरू होतं तिथला जोड. कॅरनचा आवाज थांबतो आणि पुन्हा येतो, त्यामधल्या काही क्षणांत फक्त रिचर्ड आहे.